थेंब कानात, कडू घशात

वसुबारसेची संध्याकाळ होती. पंचवटी कारंजाकडून येणारी गर्दी दुकानासमोरून सरकत होती, पणत्यांच्या हातगाड्या रस्त्यात आडव्या लागल्या होत्या आणि काउंटरवर एकाच वेळी पाच हात पुढे आले होते. त्यातला एक शेजारच्या गल्लीतल्या काकांचा. "हिचा कान ठणकतोय रे. मागच्या वर्षी दिले होतेस ना, तेच थेंब दे." मी वळलो, खोकं काढलं, पैसे घेतले. सगळं मिळून अर्धा मिनिट.

हे प्रकरण त्या अर्ध्या मिनिटातून सुरू होतं, म्हणून लिहिताना मी स्वतःला बाजूला ठेवलेलं नाही. मी मेडिकलवाला आहे, डॉक्टर नाही. काका-काकूंना विचारून लिहितोय. त्यांची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. तपासण्यांचे कागद काकूंनीच आणून दाखवले आणि ईएनटी डॉक्टरांशी मी दोनदा फोनवर बोललो. एवढं लिहावंसं वाटलं याचं कारण एकच. कानात घालायच्या औषधाचा त्रास झाला तर तो बहुतेक वेळा मूळ दुखण्याचाच वेष घेऊन येतो. कान खाजतो, सुजतो, वाहतो, दडा बसतो. मग घरातला प्रत्येक जण म्हणतो, "इन्फेक्शन वाढलं, थेंब वाढवा." काकूंच्या घरीही औषधाचा त्रास ओळखायचा राहिला, तेही तीन वेळा आणि तीन वेगळ्या कारणांनी.

सुरुवातीचं दुखणं

काकूंचं वय ६१. रक्तदाबाची एक गोळी चालू, मधुमेह नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण मधुमेही माणसाचा ठणकणारा कान ही वेगळीच गोष्ट आहे. तिथे संसर्ग हाडापर्यंत उतरू शकतो आणि थेंबांवर दिवस काढणं महागात पडतं.

कोजागरीपासून त्यांचं कार्तिकस्नान सुरू होतं. पहाटे साडेपाचला रामकुंडावर जायचं, डोक्यावरून तीन बुड्या मारायच्या, ओल्या केसांनी घरी यायचं. हे त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत. दहा-अकरा दिवसांनी उजवा कान खाजू लागला, मग ठणकू लागला. पाळी ओढली तरी कळ, जेवताना जबडा हलला तरी कळ. पाळी ओढल्यावर दुखतं तेव्हा दुखणं बहुधा कानाच्या बाहेरच्या नळीत असतं, पडद्याच्या मागे नसतं. नळीत पाणी साचून राहिलं की तिथली कातडी भिजून फुगते. कानातला मळ किंचित आम्लधर्मी असतो आणि जंतूंना तिथे टिकू देत नाही. तो थर धुऊन गेला की स्युडोमोनास, स्टॅफिलोकोकस अशा जंतूंना मोकळं रान मिळतं. पोहणाऱ्यांना होतो तोच हा आजार.

दिवाळी तोंडावर. दवाखाने बंद होत होते, काकूंना फराळ उरकायचा होता. म्हणून काका माझ्याकडे आले.

मी दिलेल्या बाटलीत तीन औषधं होती: निओमायसिन, पॉलिमिक्सिन बी आणि हायड्रोकॉर्टिसोन. पहिली दोन जंतूंसाठी, तिसरं म्हणजे स्टेरॉइड, सूज उतरवायला. नळीच्या संसर्गावर हे औषध चालतं, जगभर वर्षानुवर्षं चालत आलं आहे. काकूंनाही गुण आला. पाडव्याला ठणका थांबला होता. त्या दिवशी फार तर आणखी दोन-तीन दिवसांची मुदत घालून ते थांबवायला हवं होतं. पण अँटिबायोटिकच्या गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडू नये हे आम्हीच लोकांच्या डोक्यात बसवलेलं. काकूंनी तोच नियम थेंबांना लावला. बाटली संपेपर्यंत कोर्स!

भाऊबीजेची चक्कर

बाटली कुठे ठेवली होती, हे मला फार उशिरा कळलं. काकांना काचबिंदू आहे. त्यांच्या डोळ्यांच्या थेंबांची नवी बाटली उघडेपर्यंत थंड ठेवावी लागते, म्हणून ती फ्रिजच्या दारात असते. काकूंनी कानाची बाटलीही तिथेच ठेवली. औषध म्हणजे फ्रिज, असा घरातला हिशेब. (दोन सारख्या बुटक्या बाटल्या शेजारी शेजारी, एक डोळ्याची, एक कानाची. कानाचं औषध डोळ्यात गेलं तर काय होईल याचा विचार करून मला आजही कसंसं होतं. डोळ्याचे काही थेंब डॉक्टर कानात घालायला सांगतात. उलटं कधीच करायचं नसतं.)

भाऊबीजेला सकाळी काकू थेंब घालून कुशीवर पडल्या. भाऊ आला म्हणून लगेच उठल्या, ताट हातात घेतलं आणि घर फिरायला लागलं. भावाने ताट धरलं. मिनिटा-दोन मिनिटांत सगळं थांबलं, फक्त मळमळ राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. सुट्टीत दवाखाना उघडा ठेवणाऱ्या एका डॉक्टरांनी मानेचा मणका म्हणून चक्करेच्या गोळ्या दिल्या. थेंबांविषयी त्यांनी विचारलं नाही, काकूंनीही सांगितलं नाही. कानात घातलेलं औषध हे 'चालू असलेलं औषध' आहे असं आपल्याकडे कुणाला वाटतच नाही.

या चक्करेचं कारण व्हिएन्नाच्या एका कानाच्या डॉक्टरने शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं आहे. रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पाण्याने धुवायचा. पाणी थंड असलं की रुग्ण चक्कर येते म्हणायचे आणि त्यांचे डोळे एका बाजूला झटके देत फिरायचे. फार गरम असलं की चक्कर येतच होती, पण डोळे उलट दिशेला फिरायचे. अंतर्कर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये द्रव असतो. त्याची एक बाजू थंड किंवा गरम झाली की तो द्रव वाहू लागतो आणि डोकं स्थिर असूनही मेंदूला ते फिरतंय असा निरोप जातो. याच कामासाठी बारानीला १९१४चं नोबेल मिळालं. बातमी आली तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता. आजही तोल तपासायला कानात ३० आणि ४४ अंशांचं पाणी सोडतात, म्हणजे शरीराच्या तापमानापेक्षा सात अंश खाली आणि सात अंश वर. फ्रिजच्या दारातली बाटली तर त्याहून कितीतरी थंड. काकू रोज दिवसातून तीनदा घरच्या घरी ती तपासणी करून घेत होत्या.

ही चक्कर दिसायला भयंकर पण निरुपद्रवी असते. बाटली दोन मिनिटं मुठीत धरली तर ती येतच नाही. पण कानाच्या थेंबांमुळे येणारी दुसरीही एक चक्कर आहे, ती निरुपद्रवी नाही, तिच्याकडे पुढे येतोच. दोघींमधला फरक साधा आहे. थंड थेंबांची चक्कर थेंब घातल्यावर अर्ध्या-एक मिनिटात येते आणि लगेच ओसरते. दुसरीचा थेंबांच्या वेळेशी संबंध नसतो. माणूस गरगरत नाही, पण चालताना तोल जातो, अंधारात पाऊल चुकतं, चालता चालता समोरची पाटी हलल्यासारखी दिसते.

ओघळाची रेघ

पांडवपंचमीच्या सुमारास कानाची पाळी लाल झाली. मग खाज सुटली, अशी की रात्री झोप नाही. पाळीवर बारीक पुरळ, त्यातून पाणी. घरच्यांचं निदान तयार होतं, "इन्फेक्शन बाहेर आलं." थेंब तीनचे पाच झाले, तीन वेळांचे चार वेळा. वर भर म्हणून पाळीला फ्रॅमायसेटिनचं मलम. हे मलम नाशिकमधल्या कुठल्या घरात नसेल? भाजलं, कापलं, खरचटलं, फोड आला, की तेच. काकूंच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात त्याची ट्यूब कायम असते.

आठवडाभरात कान गालापर्यंत सुजला.

निओमायसिन १९४९मध्ये अमेरिकेत सेल्मन वॅक्समनच्या प्रयोगशाळेत सापडलं. त्याच प्रयोगशाळेत सहा वर्षं आधी क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन मिळालं होतं. निओमायसिन इंजेक्शनने दिलं तर मूत्रपिंड आणि कान दोन्ही खराब करतं हे लवकरच कळलं, म्हणून ते मलमांत, डोळ्यांच्या आणि कानांच्या थेंबांत उरलं. जिथे फक्त वरून लावायचं तिथे ते सुरक्षित, असा समज. पण कातडीवर वरचेवर लावल्याने ॲलर्जी जडवणाऱ्या औषधांत त्याचा नंबर फार वरचा लागतो. अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संघटनेने २०१०मध्ये त्याला 'वर्षाचं ॲलर्जीकारक' ठरवलं होतं. आणि फ्रॅमायसेटिन म्हणजे मुख्यतः निओमायसिन बी. नाव वेगळं, ट्यूब वेगळी, आतलं औषध सख्खं भावंड. काकू ॲलर्जीवर ॲलर्जीच चोळत होत्या.

इथे एक खोच आहे, जी मला स्वतःला इतकी वर्षं दुकानात उभं राहून नीट उमगली नव्हती. ॲलर्जी करणारं निओमायसिन आणि ॲलर्जी दाबणारं हायड्रोकॉर्टिसोन एकाच बाटलीत असतं. त्यामुळे आग आतल्या आत धुमसते, लगेच भडकत नाही. शिवाय ही ॲलर्जी पित्त उठावं तशी अर्ध्या तासात येत नाही. शरीराची ओळख आधी पटलेली असेल तर एक-दोन दिवसांनी, नसेल तर दहा-पंधरा दिवसांनी. काकूंची ओळख वर्षानुवर्षांच्या मलमाने आणि मागच्या वर्षीच्या बाटलीने आधीच करून ठेवली होती. पण मधे दोन-चार बरे दिवस गेले की औषधाचा संशय कुणाला येत नाही. उलट "याच थेंबांनी तर बरं वाटलं होतं" असा पुरावाच हाताशी असतो.

तुळशीच्या लग्नादिवशी

तुळशीच्या लग्नाच्या दुपारी काकू स्वतः दुकानात आल्या. पदर डोक्यावरून घेऊन कान झाकलेला. तिसरी बाटली मागायला आल्या होत्या. दुसरी मी नव्हतो तेव्हा दुकानातल्या मुलाने दिली होती. मी पदर बाजूला करायला लावला आणि पाहतच राहिलो. पाळी, कानामागची घडी, आणि खाली जबड्याकडे उतरणारी बोटभर रुंदीची लाल, चिघळलेली रेघ. थेंब घालून उठल्यावर जिथून औषध ओघळतं, बरोबर त्या वाटेने. जंतूंचा संसर्ग अशी सरळ रेघ आखत नाही.

"काकू, हे थेंबांनीच झालंय," मी म्हणालो.

"थेंबांनी कसं होईल? थेंब तर आत जातात. आत म्हणजे किती, पार घशापर्यंत. घातले की दोन मिनिटांत घसा कडू होतो बघ. म्हटलं औषध लागतंय चांगलं."

एवढं ऐकलं आणि मी हातातली बाटली खाली ठेवली.

कानाची नळी पडद्यापाशी संपते. पडदा शाबूत असेल तर कानात घातलेला थेंब त्यापलीकडे जाऊच शकत नाही, घसा तर दूरच. पडद्यामागे मध्यकर्णाची छोटी पोकळी आहे आणि तिथून एक बारीक नळी, युस्टेशियन ट्यूब, नाकामागे घशात उघडते. विमानात किंवा कसारा घाट चढताना कान बंद होतो आणि आवंढा गिळल्यावर उघडतो, ते तिच्यामुळे. कानातल्या औषधाची चव घशात लागते याचा अर्थ एकच: पडद्याला भोक आहे.

मग मी ते प्रश्न विचारले जे वसुबारसेला विचारायचे होते. लहानपणी कान वाहायचा का? "हो की, पावसाळा आला की फुटायचाच. आई लसणाचं तेल घालायची." हा कान जरा कमी ऐकतो का? काकू हसल्या. "म्हणून तर फोन डाव्या कानाला लावते." इतकी वर्षं मी त्यांना डाव्या कानाला फोन लावताना बघत होतो. कानात तेल घालून बसणं म्हणतात ते हेच.

घरी राहिलेली बाटली आणि मलम बंद करा, कानात काहीही घालू नका, आणि आजच्या आज ईएनटीकडे जा, एवढं सांगितलं. रात्री तुळशीचं लग्न लावून दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

ईएनटीकडे काय दिसलं

पहिल्या दिवशी पडदा दिसलाच नाही. नळी सुजून जवळजवळ मिटली होती. डॉक्टरांनी साचलेला स्राव काढला, निओमायसिन नसलेलं स्टेरॉइडचं मलम लावलेली गॉजची पट्टी नळीत सरकवली, खाजेसाठी गोळी दिली. कानाला पाणी नाही, थेंब नाहीत, बोट नाही, काडी नाही. पाळीवरची सूज चार दिवसांत उतरली. औषध बंद करणं हाच मुख्य उपचार होता.

आठवड्याने नळी उघडली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पडद्याच्या मध्यभागी साधारण पाव पडद्याएवढं जुनं भोक, गुळगुळीत कडांचं. आणि त्याच्या अलीकडे ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा राखाडी थर, त्यावर काळे ठिपके. बुरशी. ॲस्परजिलस नायजर बहुधा अशीच दिसते. डॉक्टरांना नवल वाटलं नाही. अँटिबायोटिक थेंबांनी नळीतले सगळे जंतू मारले, त्यात बुरशीला रोखून धरणारेही गेले. स्टेरॉइडने तिथला पहारा ढिला केला. ओलावा तर दिवसातून चार वेळा बाहेरून पुरवला जात होता. घरी मात्र हे पुन्हा तसंच पोचलं होतं: कानात दडा बसलाय, म्हणजे इन्फेक्शन अजून आहे, म्हणजे थेंब लवकर बंद केले! काकांनी मला ते ऐकवलंही.

बुरशीवरचं क्लोट्रिमॅझोल उघड्या मध्यकर्णात गेलं की झोंबतं, म्हणून डॉक्टरांनी ते थेंबांऐवजी मलमाच्या रूपात नळीपुरतं लावलं आणि भर सक्शनने साफ करण्यावर ठेवला. दोन आठवड्यांत तीनदा. सक्शन चालू असताना काकूंना पुन्हा तीच चक्कर आली. "आता तर थेंबही नाहीत," त्या घाबरून म्हणाल्या. सक्शनच्या नळीने खेचलेली हवाही कानाला गारवाच देते. बारानी पुन्हा हजर.

आता ती दुसरी, खरी काळजीची गोष्ट.

निओमायसिन, जेंटामायसिन, टोब्रामायसिन, फ्रॅमायसेटिन ही सगळी अमिनोग्लायकोसाइड कुळातली. मध्यकर्णाच्या आतल्या भिंतीला राउंड विंडो नावाची एक खिडकी आहे, अगदी पातळ पडदीने झाकलेली. तिच्या पलीकडे ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणारी यंत्रणा. पडद्याच्या भोकातून मध्यकर्णात उतरलेलं औषध या पडदीतून झिरपून आत जाऊ शकतं आणि तिथल्या सूक्ष्म केसपेशी मारू शकतं. खिडकीला सगळ्यात जवळच्या पेशी उंच स्वरांच्या असतात, म्हणून आधी उंच स्वर जातात. बोलणं ऐकू येतं, पण शब्द उमगत नाहीत. कानात सतत शिट्टी वाजते. जेंटामायसिन मुख्यतः तोलावर घाव घालतं, निओमायसिन मुख्यतः ऐकण्यावर. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. काही घराण्यांमध्ये आईकडून येणारा एक जनुकीय दोष असतो, त्यांना थोड्या मात्रेनेही बहिरेपण येऊ शकतं.

हे रोज घडतं असं नाही, आणि डॉक्टरांनी ते तसं सांगितलंही नाही. कान वाहत असताना, आतलं अस्तर सुजून जाड झालेलं असताना, ती खिडकी थोडीफार झाकलेली असते. धोका खरा वाढतो तो कान बरा झाल्यावर, अस्तर पुन्हा पातळ झाल्यावर, तरीही थेंब चालू राहिले तर. म्हणजे बाटली संपवायची म्हणून घातलेले शेवटचे आठ दिवस सगळ्यात वाईट. ब्रिटनमधल्या ईएनटी तज्ज्ञांनी २००७मध्ये ठरवून दिलं की पडद्याला भोक असताना हे थेंब घालायचेच तर उघड संसर्ग असेपर्यंतच आणि दोन आठवड्यांच्या आतच. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २००४मध्ये त्याहून सरळ सांगितलं होतं: मध्यकर्ण उघडा असेल तर शक्य तिथे अंतर्कर्णाला इजा न करणारं औषधच निवडा. तसे थेंब आहेत. ऑफ्लॉक्सासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही क्विनोलोन कुळातली औषधं अंतर्कर्णाला विषारी ठरलेली नाहीत. ऑफ्लॉक्सासिनच्या कानाच्या थेंबांना तर भोक असलेल्या कानासाठी अमेरिकेत १९९७मध्येच परवानगी मिळाली. तीही निर्दोष नाहीत. कडू लागतं, खाज येते, बुरशी त्यांनीही वाढू शकते, आणि भोक भरून येण्यात ती अडथळा आणतात का अशी शंका काही अभ्यासांनी घेतली आहे. पण माझ्या फळीवर दोन्ही बाटल्या शेजारी होत्या, किंमतीत फारसा फरक नव्हता, आणि मी निओमायसिनची काढली.

काकूंच्या श्रवणतपासणीचा कागद मी समोर ठेवून लिहितोय. उजव्या कानात हवेवाटे सरासरी ३८ डेसिबलची घट, हाडावाटे मोजलं तर दोन्ही कान सारखे. म्हणजे ध्वनी पोचवणारी यंत्रणा, म्हणजे पडदा, अपुरी आहे, पण आतला शंख शाबूत. ४००० हर्ट्झला थोडा उतार दिसतो, तो दोन्हीकडे सारखाच, वयाचा. औषधाने नुकसान केलं असतं तर उजवी बाजू वेगळी पडली असती. आधीची तपासणी नसल्यामुळे 'अजिबात काही झालं नाही' असं छातीठोक सांगता येत नाही, हे डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट केलं. मग म्हणाले, "तुमच्या काकूंचं नशीब."

पाठीवरच्या चकत्या

त्वचातज्ज्ञांकडे पॅच टेस्ट झाली ती मार्गशीर्षात. पाठीवर छोट्या चकत्यांतून वेगवेगळी द्रव्यं चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, मग वाचतात. निओमायसिन यात मुलखाचं आळशी. दोन दिवसांनी काहीच नाही, चौथ्या दिवशी पुसट गुलाबी, सातव्या दिवशी स्पष्ट लाल, उंचवटा आलेला चौकोन. चौथ्या दिवशीच फाइल बंद केली असती तर 'ॲलर्जी नाही' असं लिहिलं गेलं असतं. काकूंनी घरच्या ट्यूबमधलं मलमही नेलं होतं, तेही एका चकतीत लावलं, तिथेही लाल. आठवडाभर पाठीला पाणी लावायचं नाही म्हणून मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी त्यांना अर्धीच आंघोळ करून पूजेला बसावं लागलं. कानापेक्षा त्याचीच त्यांना जास्त चुटपुट होती.

आता त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने निओमायसिन, फ्रॅमायसेटिन लिहिलंय आणि खाली जेंटामायसिन, टोब्रामायसिनबद्दल सावधगिरी, कारण कुळ एक असल्याने शरीर त्यांनाही ओळखू शकतं. तोच कागद काकूंनी पाकिटातही ठेवला आहे.

माझ्या काउंटरवर काय बदललं हेही सांगायला हवं. 'मागचेच थेंब' मागणाऱ्याला मी आता दोन गोष्टी विचारल्याशिवाय बाटली देत नाही: कान कधी वाहायचा का, आणि थेंब घातल्यावर घशात चव लागते का. दोन्हींपैकी एकाला 'हो' आलं की थेट ईएनटी. चार औषधांची ती एकत्र बाटली, क्लोरॅम्फेनिकॉल, बेक्लोमेथासोन, क्लोट्रिमॅझोल आणि लिग्नोकेन, तिचा खप आपल्याकडे प्रचंड आहे. जंतू असोत, बुरशी असो, दुखो, खाजो, एकच बाटली. मला ती कधीच आवडली नाही. त्रास झालाच तर चौघांपैकी कुणी केला ते शोधायचं कसं? आणि त्यातलं लिग्नोकेन दुखणं बधिर करतं, भोकातून आत गेलं तर तासाभराची जबर चक्करही देतं. मळ विरघळवणारे थेंबही भोक असलेल्या कानात घालायचे नसतात, हे त्या बाटलीच्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. गिऱ्हाईक खोकं दुकानातच फेकून जातं, कागदासकट.

दुकानातल्या मुलाला हे सगळं शिकवायला मला दोन दुपारी लागल्या. त्याने पहिल्याच आठवड्यात एका ट्रकवाल्याला प्रश्न विचारून परत पाठवलं आणि तो ट्रकवाला समोरच्या मेडिकलमधून तेच थेंब घेऊन गेला. हे असं होणार.

पडद्याच्या ऑपरेशनचं डॉक्टरांनी सुचवलं आहे. कानावरच्या स्नायूचं पातळ आवरण घेऊन भोकावर ठिगळ लावतात, त्याआधी कान काही आठवडे कोरडा राहायला हवा. काकू म्हणतात लेकीशी बोलून ठरवू. कार्तिकात पुन्हा रामकुंडावर जाणार का, असं मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आंघोळीला मात्र कापसाचा बोळा व्हॅसलिनमध्ये बुडवून कानात घालतात.

परवा त्या एक पिशवी घेऊन आल्या. थेंबांची अर्धी बाटली, चक्करेच्या उरलेल्या गोळ्या, मागच्या वर्षीची तळाला आलेली बाटलीसुद्धा. "परत घेतोस का? अर्धी आहे अजून." परत घेता येत नाही, म्हणून मी सगळं टाकायच्या डब्यात ठेवलं. तळाशी मलमाची ट्यूब होती. ती मी उचलली तशी त्यांनी हातातून काढून घेतली.

"ही राहू दे. ह्यांच्या टाचेच्या भेगांना बरी पडते."